दहा चाकी ट्रकवर सपाट बॉडी: पत्र्याच्या जाडीआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जालन्याच्या कारखान्यांतून सळई भरायची, परतीला जनरेटर, क्रशरचे सुटे भाग, कधीमधी एखादा रोलर किंवा बॅकहो (जेसीबीसारखं मशीन) आणायचा. त्यासाठी २८ टनी दहा चाकी चॅसीस घेतली आहे आणि तिच्यावर २४ फुटी सपाट बॉडी बांधायची आहे. एक बॉडीवाला ६ मिलीमीटरचा पत्रा सांगतो, दुसरा म्हणतो हाय टेन्साइलचा, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचा, ३ मिलीमीटर पुरे. कोणाचं ऐकावं, आणि बॉडी गाडीच्या आयुष्याइतकी टिकावी म्हणून काय पाहावं?

दोघांनी तुम्हाला पत्र्याची जाडी सांगितली. क्रॉस मेंबर, म्हणजे पत्र्याखालचे आडवे चॅनेल, किती इंचांवर टाकणार आणि बॉडी चॅसीसला कशी धरणार, हे मात्र दोघांच्या कोटेशनमध्ये दिसत नाही. मी इतकी वर्षं बॉडी बांधतोय आणि दुसऱ्यांनी बांधलेल्या दुरुस्तही करतोय. दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत पत्रा झिजला म्हणून आलेली गाडी क्वचित असते. येतात त्या खालून मोडलेल्या: केबिनमागे चॅसीसला तडा, बॉडी चॅसीसला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले, क्रॉस मेंबरच्या वेल्डिंगजवळ फाटलेलं चॅनेल, मागचं टोक खाली बसलेलं. म्हणून बॉडी नेहमी खालून वर बघत जावी. पत्र्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

त्याआधी लांबीचं एक बोलून घेतो. सळई कारखान्यातून १२ मीटरची निघते. तुमची बॉडी २४ फूट, म्हणजे ७.३ मीटर. बारीक सळई मधून दुमडून बंडल करून मिळते, ती बसेल. २५ किंवा ३२ मिलीमीटरची सरळ सळई या गाडीत बसणार नाही, आणि मागे लोंबती ठेवून नेऊ नका. गाडीबाहेर मीटरभर माल काढायची जी सूट पूर्वी होती ती २०१४ मध्ये काढून टाकली गेली. आता मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे माल ठरलेल्या हद्दीबाहेर आला तर २०,००० रुपये दंड आहे. दंड सोडा, रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ती टोकं दिसतच नाहीत. जाड सळईचं काम नियमित असेल तर ते ४० फुटी ट्रेलरचं काम आहे. दहा चाकीची बॉडी त्यासाठी लांबवायच्या फंदात पडू नका.

लांबवण्याला नियमाचीही मर्यादा आहे. मागचा ओव्हरहँग (एक्सलच्या मागे लोंबणारा भाग) व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधल्या अंतराच्या, ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि दहा चाकीला तो मागच्या दोन एक्सलच्या मध्यापासून मोजतात. पण नियमात बसलं म्हणजे वजन बरोबर पडलं असं नाही. बॉडीच्या लांबीचा मध्य मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा पुढे असायला हवा. हिशोब सोपा आहे. समजा व्हीलबेस ५ मीटर आहे आणि १६ टन माल सारखा पसरला आहे. मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा ६० सेंटीमीटर पुढे पडला, तर १२ टक्के म्हणजे १.९ टन वजन पुढच्या एक्सलवर जातं. तोच मध्य ३० सेंटीमीटर मागे पडला, तर पुढच्या एक्सलवरचं जवळजवळ एक टन वजन उलट उचललं जातं. मग घाटात स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं वळायला नकार देतात. बॉडीवाल्याकडून बांधणीआधी कागदावर हे मोजमाप मागा. चॅसीस बनवणाऱ्या कंपनीच्या बॉडी बांधणीच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं. जो कारागीर ती पुस्तिका उघडून दाखवतो, त्याच्याकडे निम्मा विश्वास तिथेच टाकायला हरकत नाही.

आता चॅसीस. ट्रकची चॅसीस ही मुद्दाम पिळता येईल अशी बनवलेली असते. एक चाक खड्ड्यात, दुसरं उंचवट्यावर गेलं की दोन्ही लांब पट्ट्या एकमेकींच्या उलट दिशेने पिळतात आणि त्यामुळेच सगळी चाकं जमिनीवर राहतात. तिच्यावर तुम्ही कडक, न पिळणारी बॉडी घट्ट आवळून बसवली, तर पिळण्याचा सगळा ताण कुठेतरी एकाच जागी साठतो. ती जागा बहुतेक वेळा केबिनच्या लगेच मागे असते, जिथे बॉडीचे लांब मेंबर (चॅसीसवर लांबीने बसणारे चॅनेल) सुरू होतात.

म्हणून तीन गोष्टी पाहा. लांब मेंबर उघड्या चॅनेलचे असावेत, सपाट बॉडीला बंद बॉक्स नको, कारण बॉक्स पिळायला फार कडक असतो. त्यांचं पुढचं टोक खालच्या बाजूने तिरकं कापलेलं असावं, म्हणजे चॅसीसवर दाब एकदम न पडता हळूहळू वाढत जातो. सरळ कापलेलं टोक चॅसीसच्या वरच्या कडेवर सुरीसारखं बसतं आणि चॅसीसचा तडा तिथूनच सुरू होतो. तिसरी गोष्ट म्हणजे धरणी. पुढच्या बाजूला स्प्रिंग असलेले किंवा थोडं हलू देणारे ब्रॅकेट, आणि मागे, एक्सलच्या आसपास, बोल्टने बसवलेल्या शिअर प्लेट, म्हणजे बॉडी आणि चॅसीस बाजूने जोडणाऱ्या प्लेट. नुसत्या यू-बोल्टवर विसंबू नका. यू-बोल्ट केवळ आवळून धरतो. जोरात ब्रेक लागला की भरलेली बॉडी पुढे सरकू पाहते, आणि ते थोपवायला प्लेट किंवा स्टॉपरच लागतो. यू-बोल्ट जिथे असेल तिथे चॅसीसच्या चॅनेलच्या आत आधाराचा तुकडा हवा, नाहीतर आवळताना चॅसीसच्या कडा आत दबतात. हा तुकडा लाकडाचा असेल तर तो सायलेन्सर आणि धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेपासून लांब असायला हवा. बीएस-६ प्रदूषण नियमांच्या गाड्यांत ती जागा फार तापते.

चॅसीसच्या चॅनेलच्या वरच्या-खालच्या आडव्या भागाला भोक पाडायचं नाही आणि तिथे वेल्डिंगही करायचं नाही. उभ्या भागातली भोकंसुद्धा पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढल्या का, कंपनीने सांगितल्याप्रमाणे ईसीयूचे (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटचे) जोड सोडवले का, आणि अर्थिंगची क्लँप वेल्डिंगच्या जवळच लावली का, हे स्वतः उभं राहून बघा. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स इतकं आहे की एका चुकीच्या अर्थिंगचा खर्च पत्र्याच्या खर्चाला मागे टाकतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे क्रॉस मेंबर आणि पत्रा. हे दोन एकत्रच बघावे लागतात.

२४ बाय ८ फुटांचा तळ म्हणजे जवळपास १७.८ चौरस मीटर. पोलादाचा एक मिलीमीटर जाडीचा चौरस मीटर ७.८५ किलोचा. म्हणजे तुमच्या तळाच्या जाडीत प्रत्येक मिलीमीटरला १४० किलो. ६ मिलीमीटर घेतला तर ८४० किलो, ५ घेतला तर ७००. नक्षीच्या पत्र्याला थोडं अधिक. क्रॉस मेंबरसाठी १०० मिलीमीटरचं साधं चॅनेल धरलं तर आठ फुटी एक नग सुमारे २३ किलोचा. १८ इंचांवर टाकले तर १७ नग लागतात, १२ इंचांवर टाकले तर २५.

आता दोन बॉडी शेजारी ठेवू. पहिली: ६ मिलीमीटर पत्रा, क्रॉस १८ इंचांवर. दुसरी: ५ मिलीमीटर पत्रा, क्रॉस १२ इंचांवर. दुसरीचं वजन जेमतेम ४५ किलो जास्त भरतं. पण एखाद्या मशीनचं चाक दोन क्रॉसच्या मधोमध आलं तर दुसऱ्या बॉडीत पत्र्याचा झोल पहिलीच्या निम्माच येतो. कारण पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो आणि मधल्या अंतराच्या घनाने घटतो. अंतर १८ वरून १२ वर आणणं हे जाडी एका मिलीमीटरने वाढवण्यापेक्षा कितीतरी मोठं काम करतं. शिवाय आठ जास्तीचे क्रॉस लांब मेंबरवरचं ओझं आठ जास्त जागांवर वाटून देतात. त्यामुळे तुमच्या कामासाठी माझं मत स्पष्ट आहे: ५ मिलीमीटर, १२ इंच. ६ मिलीमीटरचा हट्ट फक्त तेव्हाच धरा जेव्हा खडी, भंगार किंवा साखळीच्या पट्ट्यावर चालणारं मशीन रोज चढणार आहे, कारण तिथे प्रश्न झिजण्याचा आणि चेपण्याचा असतो.

हाय टेन्साइलच्या ३ मिलीमीटरबद्दल. ते पोलाद चांगलंच आहे. साध्या आयएस २०६२ च्या ई-२५० पोलादाला २५० मेगापास्कल ताणाच्या पुढे कायमचा बाक येतो, आणि बाजारात ७०० च्या वर्गातलंही मिळतं. पण ताकद वाढली तरी ताठरपणा वाढत नाही. सगळ्या पोलादांचा तो जवळजवळ सारखाच असतो. म्हणून त्याच अंतरावरच्या क्रॉसवर ३ मिलीमीटरचा पत्रा ६ मिलीमीटरच्या आठपट झुकतो. तो मोडणार नाही, परत सरळही होईल, पण प्रत्येक खड्ड्याला वर-खाली होत राहील आणि त्या हालचालीचा मार वेल्डिंगवर पडेल. हे पोलाद वापरायचं तर क्रॉस आणखी जवळ घ्यावे लागतात, वेल्डिंगची तार, उष्णता सगळं बदलावं लागतं, आणि उद्या जालना-सिंदखेडराजा रस्त्यावर दुरुस्ती निघाली तर साध्या रॉडने केलेला जोड त्या पत्र्याची ताकद तिथेच घालवतो. ज्या कारखान्यात ते रोज वापरतात तिथेच त्याची बॉडी करून घ्यावी. हाय टेन्साइल घ्यायचंच असेल तर ते लांब मेंबरमध्ये घ्या, ई-३५० चालेल. तिथे वजनही वाचतं आणि उपयोगही दिसतो.

ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या एक तृतीयांश, पण ताठरपणाही तितकाच कमी, आणि आपल्याकडच्या हायवेवर त्याचं वेल्डिंग करणारा माणूस शोधावा लागतो. सळई आणि मशीनच्या कामाला मी ते सुचवणार नाही.

मागच्या टोकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बॅकहो किंवा रोलर चढवणाऱ्या गाड्या तिथेच मरतात. बॅकहोचं वजन साडेसात-आठ टन असतं आणि त्यातलं बरंचसं मागच्या दोन चाकांवर. रँपवरून चढताना ते ओझं काही सेकंद बॉडीच्या शेवटच्या क्रॉस मेंबरवर एकवटतं, आणि बॉडीचा हा भाग एक्सलच्या मागे लोंबता असतो. तेव्हा शेवटचा क्रॉस दुहेरी चॅनेलचा हवा, त्याच्या पुढचे दोन क्रॉस आणखी जवळ हवेत, आणि लांब मेंबरला तिथे तिरके आधार हवेत. रँप अडकवायचा पाइप पत्र्याला न जोडता त्या दुहेरी मेंबरला जोडा. चढवताना मागच्या बाजूला जॅक किंवा लाकडी ठोकळे लावायची सवय ड्रायव्हरला लावा.

वेल्डिंगमध्ये दिसण्यापेक्षा जागा महत्त्वाची. लांब मेंबरच्या खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड टाकू देऊ नका, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो आणि आडव्या वेल्डच्या टोकातून तडा निघतो. क्रॉस मेंबर लांब मेंबरच्या उभ्या भागाला गसेटने, म्हणजे आधाराच्या तिकोनी पट्टीने, जोडलेला उत्तम. सीओटू (गॅस आणि तारेचं) वेल्डिंग असेल तर बरं. रॉडनेच करत असतील तर कमी हायड्रोजनचे ७०१८ रॉड ओव्हनमध्ये सुकवून वापरतात का ते विचारा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातले रॉड वापरून केलेला जोड वरून सुंदर दिसतो आणि आतून सच्छिद्र असतो.

आता माल बांधण्याचा भाग. यात मी कुणालाही काटकसर करू देत नाही. पोलादी तळावर पोलादी सळई म्हणजे घसरगुंडी, त्यातून तेल किंवा पाणी पडलं तर विचारूच नका. युरोपात माल बांधताना असं धरतात की ब्रेकमध्ये मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे लागेल, वळणावर आणि मागच्या दिशेने निम्मा. १५ टन सळई असेल तर १२ टनांचा जोर केबिनच्या दिशेने, आणि मध्ये बसलेला असतो तुमचा ड्रायव्हर. हा जोर एकट्या हेडबोर्डने, म्हणजे केबिनमागच्या उभ्या भिंतीने, थोपवायचा नसतो. घर्षण, पट्टे किंवा साखळ्या, आणि हेडबोर्ड, तिघांनी मिळून तो पेलायचा असतो.

म्हणून तळावर लाकडी फळ्यांच्या पट्ट्या बसवा, दोन क्रॉस सोडून एक अशा, पत्र्यात बोल्ट करून, बोल्टचं डोकं लाकडात बुडवून. लाकूड माल धरून ठेवतं, मशीनखाली पाचर ठोकता येते आणि फळी कुजली तर तेवढीच बदलता येते. पूर्ण लाकडी तळाचा विचारही वाईट नाही, पण आपल्या पावसात देखभाल जास्त. लाकूड नको असेल तर बंडलाखाली जाड रबरी मॅट ठेवा. पोलाद-पोलाद घर्षणाच्या तुलनेत रबराने पकड कितीतरी वाढते.

हेडबोर्ड पत्र्यावर उभा करून वेल्ड केलेला नको. त्याचे खांब लांब मेंबरपर्यंत खाली गेलेले आणि तिथे बोल्ट केलेले हवेत. त्याची उंची मालाच्या उंचीइतकी तरी असावी. माल हेडबोर्डला टेकवून भरा, मध्ये दोन फूट मोकळी जागा ठेवली तर माल तेवढं अंतर वेग घेऊन येतो. डी-रिंग आणि कड्या कुठे वेल्ड केल्यात ते गाडीखाली वाकून बघा. पत्र्यावर वेल्ड केलेली कडी साखळी ओढली की पत्रा घेऊन उचकटते. प्रत्येक कडीच्या खाली क्रॉस मेंबर हवा. २४ फुटी बॉडीला एका बाजूला सहा-सात कड्या तरी ठेवा, आणि बाजूच्या रेलला खांब उभे करायचे खाचे ठेवा, म्हणजे बंडलं बाजूला ढासळत नाहीत. काढता येणारे फाळके ठेवलेत तर सिमेंट, खतही भरता येईल. फक्त बिजागऱ्यांचा पाइप जाड घ्या.

गंजाबद्दल. बॉडी वरून गंजत नाही, पाणी जिथे अडकतं तिथे गंजते. पत्रा आणि क्रॉस मेंबर यांच्यामधली फट हे त्याचं पहिलं घर. तुटक वेल्डिंग केल्यावर उरलेल्या फटी सीलंटने भरून घ्या. क्रॉसच्या चॅनेलचं उघडं तोंड मागच्या बाजूला ठेवा, म्हणजे चिखल आत भरत नाही. पाइप किंवा बॉक्सची टोकं बंद करा किंवा खाली पाणी निघायला भोक ठेवा. आणि जोडणीआधी, सुटे असतानाच, सगळ्या मेंबरना झिंकयुक्त एपॉक्सी प्रायमर मारून घ्या. नुसतं रेड ऑक्साइड मारून वर चकचकीत रंग दिला तर दोन पावसाळ्यांत रंगाखाली फोड येतात. खत किंवा मीठ भरलं तर गाडी रिकामी झाल्यावर खालूनही धुवायची.

कागदपत्रं थोडक्यात. बॉडी एआयएस-०९३ या ट्रक बॉडीच्या मानकाप्रमाणे बांधणारा कारागीर निवडा आणि नोंदणीसाठी फॉर्म २२-एचा बॉडी बांधणाऱ्याचा भाग त्याच्याकडून घ्या. मागचा अंडररन बार आयएस १४८१२ चा, बाजूचा आयएस १४६८२ चा, आणि एआयएस-०९० ची परावर्तक पट्टी, मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी. मागचा बार म्हणजे शोभेचा पाइप नव्हे. खाली घुसणारी कार त्याच्यावर थांबायची असते, म्हणून तोही चॅसीसलाच घट्ट धरलेला हवा.

वजनकाट्याची पावती मात्र स्वतः ठेवा. नुसती चॅसीस तोला, मग बॉडीसकट तोला, आणि शक्य असेल तर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा. जुलै २०१८ च्या अधिसूचनेने तीन एक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २५ वरून २८.५ टनांवर नेली. पण तुमच्यासाठी आरसीवर लिहिलेला आकडाच खरा. त्यातून चॅसीस, बॉडी, डिझेल, माणसं वजा केली की जे उरतं तेवढाच तुमचा माल. तुमच्यासारखी बॉडी हेडबोर्ड, फाळके धरून दोन टनांच्या आसपास जाते. अडीच टनांवर गेली तर कुठे वाढली ते विचारा, कारण तो अर्धा टन तुम्ही दर खेपेला फुकट वाहणार आहात. उलट दीड टनात बसवली असेल तर कुठलं चॅनेल बारीक केलं तेही विचारा. जास्त भरून हिशोब जुळवायचा विचार नको. ओव्हरलोडला २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि बॉडीचं आयुष्य त्याहून महाग.

ताबा घेतल्यावर पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरला सगळे यू-बोल्ट आणि शिअर प्लेटचे बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने पुन्हा आवळून घ्या. नवी बॉडी बसते, पॅकिंग दबतं, बोल्ट ढिले होतातच. त्यानंतर दर सर्व्हिसला. दर महिन्याला ड्रायव्हरला टॉर्च घेऊन खाली पाठवा आणि तीन जागा बघायला सांगा: केबिनमागे लांब मेंबरचं टोक, मागच्या एक्सलवरचे क्रॉसचे जोड, आणि शेवटचा दुहेरी मेंबर. तडा पडला की त्यातून गंजाचं पाणी झिरपतं आणि रंगावर बारीक लालसर रेघ उमटते. रेघ दिसली की गाडी भरू नका, आधी दाखवून घ्या. बोटभर तडा असताना काम एका दिवसाचं असतं.

दोन्ही बॉडीवाल्यांकडे क्रॉसचं अंतर, लांब मेंबरचं माप, धरणीचा प्रकार आणि बॉडीचं एकूण वजन लिहून मागा. उत्तरं आली की इथे टाका, मी आकडे बघून सांगतो.